आप्पांचं घड्याळ आणि आणखी दोन : साफसफाईच्या नोंदी

४ जानेवारी

मावशीने काल पत्र्याचा एक डबा हातात ठेवला. आत कापूस आणि कापसात तीन मनगटी घड्याळं. त्यातलं एक आप्पांचं, म्हणजे माझ्या आजोबांचं. उरलेली दोन कुणाची हे तिलाही सांगता येईना. आप्पांच्या कपाटात तिन्ही एकत्रच सापडली होती. तिची मागणी साधी आहे : "आप्पांचं चालू कर आणि पांढरं कर. त्यांच्या हातावर ते कसं पांढरंशुभ्र दिसायचं गं!"

पहिलं काम कापूस बाजूला करण्याचं. मायेने गुंडाळलेला असला तरी कापूस घड्याळाला वाईट. त्याचे तंतू चावीच्या फटीतून आत जातात आणि एखादा जरी चाकाच्या दात्यांत अडकला तरी घड्याळ थांबतं. चिमट्याने तंतू वेचले, तिन्ही घड्याळं स्वच्छ कागदावर मांडली, सगळ्या बाजूंनी फोटो काढले.

क्र. १, आप्पांचं. हाताने चावी द्यायचं, सहाच्या जागी छोटा सेकंदकाटा, काटे निळ्या पोलादाचे. क्र. २, काळी तबकडी, जाड अंक, अंकांत आणि काट्यांत तपकिरी झालेला रंग. क्र. ३, सेइको ऑटोमॅटिक, तीनच्या जागी वार आणि तारीख.

आज एवढंच. उघडायचा मोह होतो, पण मागच्या वर्षी एका घड्याळाच्या तबकडीवरून मी जरासा ओलसर कापूस फिरवला आणि मिनिटांचे ठिपके कापसावर उतरले. पन्नास-साठ वर्षं टिकलेली छपाई दोन सेकंदांत गेली. मळ नेमका कुठे आहे, काचेवर, काचेच्या आत, तबकडीवर, की तबकडीवरच्या लाखेतच मुरलाय, हे ठरल्याशिवाय आता मी काहीही पुसत नाही.

चावीसुद्धा पूर्ण दिलेली नाही. तेल वाळलं की ते धुळीशी मिसळून घासणाऱ्या लगद्यासारखं होतं. अशा अवस्थेत घड्याळ "चालतंय का बघू" म्हणून दोन दिवस चालवलं, तर आसांची टोकं झिजवायला आपणच हातभार लावतो.

५ जानेवारी

क्र. १ बाहेरून.

केस, म्हणजे बाहेरचं कवच, पितळेची, वर क्रोमचा मुलामा. पाठीचं झाकण तेवढं स्टेनलेस स्टीलचं. पट्ट्याच्या चारही टोकांपाशी मुलामा उडून बारीक खड्डे पडलेत. घाम तिथेच साचतो. डाव्या बाजूला जास्त, उजवीकडे कमी. खड्ड्यांत हिरवट थर आहे, तो तांब्याचा क्षार. असल्या केसवर पॉलिशचं चाक फिरवणं म्हणजे उरलेला मुलामाही घालवणं. खड्डे तर जाणार नाहीत, आणि खालून पिवळं पितळ वर येईल. त्यामुळे पॉलिश नाही, हे आजच लिहून ठेवते. मशीन बाहेर काढल्यावर केस एकटी साबणाच्या कोमट पाण्यात धुवायची, हिरवा थर लाकडी काडीने खरवडायचा, बस्स.

चावी मूळची असावी असं वाटतं, दाते झिजून गुळगुळीत झालेत. बोटांत धरून हलवली तर आडवी डुगडुगते, म्हणजे तिचा दांडा किंवा दांड्याची भोकं झिजली आहेत. काटे फिरवताना मात्र योग्य तेवढा अडथळा लागतो. तो मोकळा लागला असता तर मिनिटकाटा मशीनच्या मागे घसरत राहिला असता.

तबकडी भिंगाखाली पाहिली. ही मूळची आहे की पुन्हा रंगवलेली, हा जुन्या घड्याळातला सगळ्यात मोठा प्रश्न. पुन्हा रंगवलेल्या तबकडीत अक्षरांच्या कडा फुगलेल्या दिसतात, मिनिटांच्या रेघा छोट्या सेकंदाच्या वर्तुळात घुसतात, तळाशी सहाजवळची बारीक अक्षरं गायब असतात किंवा वाकडी बसलेली असतात. इथे अक्षरं सुईसारखी टोकदार, सेकंदाचं वर्तुळ जिथे कापायला हवं तिथेच सहाचा अंक कापलाय. मूळचीच आहे. पण पिवळी आहे, तीही एकसारखी नाही, मध्ये गडद आणि कडेला फिकट.

हे एकसारखं नसणं मला खटकतंय. कारण बहुतेक तबकड्यांची लाख कडेकडून आधी खराब होते; दमट हवा काचेच्या कडेतूनच शिरते. इथे उलटं आहे.

७ जानेवारी

क्र. २. अंधाऱ्या खोलीत अतिनील दिवा धरला. अंकांत भरलेला रंग मंद उजळला आणि दिवा बंद करताक्षणी काळा झाला. काचेतूनच तबकडी पुन्हा पाहिली. चारच्या पुढे आणि सोळा-सतराव्या मिनिटापाशी काट्यांच्या आकाराच्या तपकिरी सावल्या तबकडीवर पडल्या आहेत, काटे आज तिथे नसताना. कधीतरी सव्वाचारच्या सुमारास हे घड्याळ थांबलं आणि वर्षानुवर्षं तसंच पडून राहिलं. काट्यांतल्या रंगाने खालची तबकडी भाजली.

हे रेडियम आहे. रंग आता चमकत नाही म्हणून तो मेला असं समजणं धोक्याचं. चमकायचं ते झिंक सल्फाइड, आणि रेडियमच्या माऱ्याने काही वर्षांतच त्याचे स्फटिक निकामी होतात. रेडियम-२२६ चं अर्धायुष्य मात्र १६०० वर्षं. या घड्याळातलं रेडियम जवळपास पहिल्या दिवसाएवढंच शिल्लक आहे. काच बंद असताना मनगटावरचा धोका हा खरा प्रश्न नाही. प्रश्न ठिसूळ झालेल्या रंगाच्या भुकटीचा आहे. काटे काढताना ती उडते, टेबलावर पडते, बोटांवरून तोंडात जाते, श्वासातून आत जाते.

१९२० च्या दशकात अमेरिकेत तबकड्या रंगवणाऱ्या मुली ब्रशला टोक आणण्यासाठी तो ओठांत धरत. त्यांना तसं शिकवलंच होतं. त्यांच्या जबड्यांची हाडं कुजली. पाच जणींचा खटला १९२८ मध्ये तडजोडीने मिटला, तोवर त्यांच्या सोबतच्या कित्येकींचा जीव गेला होता. तशी एक तबकडी समोर ठेवून हे लिहिताना मी बराच वेळ थांबले.

निर्णय : क्र. २ उघडायचं नाही. माझ्याकडे ना बंद पेटी, ना मोजणारं यंत्र. झाकणाच्या डब्यात ठेवलं, वर मोठ्या अक्षरांत "रेडियम, उघडू नये" असं लिहिलं. रेडियममधून रेडॉन वायू निघत राहतो, म्हणून डबा झोपायच्या खोलीत नाही. व्हरांड्यातल्या हवेशीर कपाटात.

साठच्या दशकात रेडियमची जागा ट्रिटियमने घेतली. त्याचं अर्धायुष्य १२.३ वर्षं. तबकडीच्या तळाशी "स्विस"च्या दोन्ही बाजूंना टी हे अक्षर असेल तर ते ट्रिटियम. इथे तसं काही नाही.

११ जानेवारी

क्र. ३ थोडक्यात. पाठीवर ७००९ ने सुरू होणारा क्रमांक, आत वजनचाकावरही, म्हणजे हाताच्या हालचालीने फिरून चावी देणाऱ्या चाकावरही, ७००९. सतरा ज्वेल (झीज रोखणारे माणकाचे छोटे खडे), तासाला २१,६०० ठोके. सीरियलचा पहिला अंक वर्षाचा शेवटचा आकडा सांगतो, दुसरा महिना : १ ते ९, ऑक्टोबरला ०, पुढच्या दोन महिन्यांना अक्षरं. दशक त्यावरून कळत नाही, ते मशीन कोणत्या काळात बनत होतं यावरून काढावं लागतं.

पण तबकडीच्या तळाशी, काचेच्या अगदी कडेला, केसाएवढ्या अक्षरांत ६३०९ छापलंय. म्हणजे तबकडी दुसऱ्या घड्याळाची. दोन्ही मशीनांची मापं इतकी जवळची की ती बेमालूम बसते. कुणी फसवायला केलं असेल असं नाही, दुरुस्तीत हाताशी होती ती बसवली असेल. वहीत स्पष्ट लिहून ठेवलं, म्हणजे पुढे कुणी हे "अस्सल" म्हणून कुणाला देणार नाही.

या मशीनला हाताने चावी देता येत नाही, हलवूनच चालतं. हलवलं, लगेच चाललं. याला थांबू दे.

१२ जानेवारी

आज आप्पांचं उघडलं.

झाकणाच्या आतल्या बाजूला बारीक ओरखडे दिसले. जुने घड्याळजी दुरुस्ती केली की सुईने आतून आपली खूण आणि तारीख कोरायचे. तीन सापडल्या : ८-५७, ३-६१, ११-६८. तीन वेगळे हात, तीन वेगळी वळणं. मधल्याचा ६ इतका सुबक आहे की नक्षीच वाटते. अडुसष्टनंतर काहीच नाही.

मावशीला फोन केला. ती म्हणाली, "त्याच सुमारास त्यांना ऑफिसातून नवीन घड्याळ मिळालं. मग हे घालायचे नाहीत. पण झोपताना चावी द्यायचे हं, रोज. न घालता चावी कशाला, असं आई विचारायची."

म्हणजे हे घड्याळ अडुसष्टनंतर तेलाशिवाय रोज चाललंय, किती वर्षं कोण जाणे. आत काय सापडणार याची धास्ती वाटली.

मशीन ए. शिल्डचं, एएस ११३०. तबकडीवर ज्याचं नाव असतं त्याने मशीन स्वतः बनवलेलं नसणं हे त्या काळी नेहमीचंच, ग्रेंखेनच्या ए. शिल्डसारखे कारखाने कच्ची मशीनं बनवून असंख्य नावांना पुरवायचे, आणि १९२६ मध्ये अशाच कारखान्यांनी मिळून एबॉश एसए उभी केली. माझ्यासाठी यात आनंदाची गोष्ट अशी की सुटे भाग अजून मिळतात.

धक्का सोसणारी व्यवस्था नाही. इन्काब्लॉक ही तशी व्यवस्था १९३४ मध्येच आली होती, पण सगळ्या मशीनांत ती यायला बराच काळ गेला. इथे बॅलन्सच्या, म्हणजे पुढेमागे झुलून वेळ राखणाऱ्या चाकाच्या, आसाची टोकं, मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढी, थेट ज्वेलमध्ये बसलेली. हे घड्याळ एकदा जरी फरशीवर पडलं असतं तर टोक मोडलं असतं. भिंगाखाली दोन्ही शाबूत दिसतात. आप्पांनी ते जपून वापरलं, एवढं नक्की.

होकायंत्र बॅलन्सजवळ नेलं, सुई थरथरली नाही. चुंबकत्व नाही. मग दहा वळसे चावी देऊन टाइमग्राफरवर, म्हणजे ठोके ऐकून चाल मोजणाऱ्या यंत्रावर, ठेवलं. लिफ्ट अँगल (झोका मोजायला यंत्राला द्यावा लागणारा कोन) ५२ धरलाय, पुढच्या सगळ्या मोजण्यांनाही तोच ठेवणार, म्हणजे तुलना खरी राहील.

तबकडी वर : दिवसाला ९५ सेकंद मागे, अँप्लिट्यूड, म्हणजे बॅलन्सचा झोका, १७१ अंश, बीट एरर, म्हणजे टिक आणि टॉक यांच्या वेळेतला फरक, ३.४ मिलिसेकंद. वीस मिनिटांनी थांबलं.

निरोगी मशीनचा बॅलन्स पूर्ण चावीवर अडीचशेच्या वर झुलायला हवा. १७१ म्हणजे दमलेल्या माणसाची चाल.

१८ जानेवारी

आधी ताण सोडला : चावी बोटांत घट्ट धरून क्लिक (चावी उलटी फिरू न देणारा अडसर) बाजूला केली आणि चावी हळूहळू उलटी फिरू दिली. ताण न सोडता पॅलेट फोर्कचा, म्हणजे चाकांना एकेक दाता अडवून सोडणाऱ्या छोट्या दांडीचा, ब्रिज (वरून धरणारी पट्टी) काढला तर सगळी चाकं एका क्षणात भणाणून फिरतात आणि दाते तुटतात. फोर्क हलवून पाहिला, तो सुस्त पडून राहिला. मगच पुढे.

काटे काढताना तबकडीवर पातळ प्लास्टिक ठेवलं. तबकडी धरणारे दोन स्क्रू मशीनच्या कडेला असतात, ते अर्धा वळसा सैल केले आणि तबकडी निघाली. डबीत ठेवून दिली, तिच्याकडे नंतर वळेन.

खाली बॅलन्सच्या तबकडीकडच्या टोकावर एक छोटी पट्टी आहे, तिच्यात झाकणाचा ज्वेल, म्हणजे आसाचं टोक ज्यावर टेकतं तो. तिचा एकुलता एक स्क्रू कुणीतरी पूर्वी घसरवून ठेवलाय, खाच जवळजवळ उरलेली नाही. भिंगातून ज्वेल स्वच्छ दिसला. तो स्क्रू सोडून दिला, मोडला तर महागात पडेल म्हणून.

बाकी सगळं सुटं केलं. मुख्य स्प्रिंग ड्रममधून बाहेर आली आणि वेटोळं करून तशीच पडून राहिली. जिवंत स्प्रिंग बाहेर येताच उलट्या बाजूला उसळून एसचा आकार घेते. ही संपलेली आहे. रुंदी, जाडी, लांबी मोजली. त्याच मापाची नवी लावायची.

आणि मग धास्ती वाटत होती ते सापडलं. ड्रमचा आस मुख्य प्लेटमधल्या ज्या भोकात फिरतो ते लंबगोल झालंय. सतरा ज्वेल कुठे असतात ते मोजलं की हे समजतं : बॅलन्सची चार, त्याच्या रोलरचा एक, पॅलेटचे दोन, आणि फोर्क, एस्केप, चौथं, तिसरं, मधलं अशा पाच आसांची दहा. ड्रमला ज्वेल नाही, तिथे पितळात पोलाद. आणि चावी देताना सगळा ताण त्याच भोकावर एका बाजूला पडतो. कोरड्या तेलात रोज रात्री चावी, वर्षानुवर्षं. मावशीने सांगितलेली गोष्ट त्या पितळात कोरलेली आहे.

झीज किती? ड्रम बोटाने हलवला तर जरा झुकतो, पण शेजारच्या चाकाला घासत नाही. भोक ठोकून आवळण्याची युक्ती जुने लोक वापरायचे. ते मी करणार नाही, त्याने प्लेटवर कायमचे घाव राहतात. बुश, म्हणजे भोकात नवी नळी, बसवणं हा खरा इलाज, पण त्याला लेथ हवी. सध्या तेलावर चालवून बघू आणि दर वर्षी हे भोक तपासू.

१९ जानेवारी

धुण्याचा दिवस. खिडक्या उघड्या, जवळपास ज्योत नाही.

प्लेट, ब्रिज, चाकं घड्याळांच्या अमोनियायुक्त द्रावणात, मग दोनदा निथळणाऱ्या द्रावणात. पॅलेट फोर्क आणि बॅलन्स वेगळे, नॅप्थामध्ये. फोर्कचे दोन ज्वेल आणि रोलरचा ज्वेल शेलॅकने चिकटवलेले असतात. शेलॅक म्हणजे लाखच, ती अल्कोहोलमध्ये विरघळते. घाईने सगळं अल्कोहोलमध्ये बुडवणाऱ्याचे ज्वेल भांड्याच्या तळाशी सापडतात.

द्रावणाने सगळं होत नाही. प्रत्येक ज्वेलच्या भोकात टोक काढलेली लाकडी काडी फिरवायची, बाहेर काढायची, टोक काळं असेल तर पुन्हा छाटून पुन्हा फिरवायची. तिसऱ्या चाकाच्या खालच्या ज्वेलमधून सहा वेळा काळं आलं. सातव्यांदा काडी पांढरी निघाली तेव्हा खुर्चीत मागे टेकले.

आसांची टोकं भिंगाखाली : मधल्या चाकाच्या खालच्या टोकावर एक बारीक कडं पडलंय, बाकी गुळगुळीत. ज्वेल एकही फुटका नाही; तिरप्या उजेडात एकेक पाहिला. हे माणिक कृत्रिम असतात. व्हर्नुइने १९०२ मध्ये ते ज्योतीत बनवण्याची रीत जाहीर केली, म्हणूनच साध्या माणसाच्या घड्याळात सतरा ज्वेल येऊ शकले. आणि ते टिकतात किती! पितळ झिजलं, पोलाद झिजलं, माणिक जसेच्या तसे.

केसही आज धुतली. लाकडी काडीच्या टोकावर खड्ड्यांतलं हिरवं आलं.

२५ जानेवारी

जोडणी. नवी स्प्रिंग, धुतलेला ड्रम, मग चाकं. ब्रिज ठेवून चारही आसांची टोकं आपापल्या ज्वेलमध्ये बसेपर्यंत स्क्रूला हात लावायचा नाही. हवेच्या फुंकणीने चाकं झुळझुळ फिरली की समजायचं बसली. जोर लावला की टोक मोडतं.

तेल : हळू आणि जड भागांना घट्ट एचपी १३००, जलद आसांना पातळ मोबियस ९०१०, पॅलेटच्या ज्वेलच्या तोंडांना ९४१५. फोर्कच्या आसांना काहीच नाही, ते कोरडेच राहतात. तिथलं तेल फक्त चाल जड करतं. ज्वेलच्या वाटीत तेल अर्ध्याहून जरा जास्त. वाटी भरून वाहिली की तेल पसरतं आणि जिथे हवं तिथे राहत नाही, म्हणून जास्त तेल हेही तेल नसण्यासारखंच.

बॅलन्स ठेवला. स्वतःहून झुलायला लागला. हा क्षण कितीदा पाहिला तरी दर वेळी मी श्वास धरलेला असतो.

२६ जानेवारी

एक दिवस चालवून, पूर्ण चावीवर मोजलं.

तबकडी वर : अँप्लिट्यूड २६४. तबकडी खाली : २१८.

बीट एरर ३.४ वरून २.२ झाली. ती मी बदललेली नाही. कोनातली चूक तेवढीच आहे, बॅलन्स जलद झुलायला लागल्यामुळे तीच चूक मिलिसेकंदांत कमी दिसते.

पण दोन आडव्या स्थितींत ४६ अंशांचा फरक? आडव्या स्थितीत बॅलन्सचा सगळा भार एकाच टोकावर, एका झाकणज्वेलवर असतो. तबकडी खाली म्हणजे भार तबकडीकडच्या ज्वेलवर.

म्हणजे तोच, स्क्रूची खाच घसरलेला. "स्वच्छ दिसला" असं मी अठरा तारखेला लिहिलंय. स्वच्छ नव्हता, वाळलेलं तेल पारदर्शक झालं होतं. मला तो स्वच्छ हवा होता म्हणून तसा दिसला.

१ फेब्रुवारी

पुन्हा सगळं सुटं. स्क्रूवर भेदक तेलाचा एक थेंब टाकून रात्रभर ठेवलं, स्क्रूड्रायव्हरचं पातं त्या उरलेल्या खाचेच्या मापाला घासून घेतलं. पहिल्या प्रयत्नात हलला नाही. दुसऱ्यात पात्यावर सरळ खाली दाब ठेवून आधी किंचित आवळला, मग सोडला. सुटला.

ज्वेल उलटा केला. मधोमध पिवळसर काचेसारखं एक वर्तुळ, टाचणीच्या टोकाएवढं. नॅप्थाने गेलं नाही, काडीने घासावं लागलं. एका थेंबाचाही शंभरावा भाग नसेल, आणि तेवढ्याने ४६ अंश खाल्ले.

स्क्रूही धुऊन तेल पुसून बसवला. संध्याकाळी मोजलं : तबकडी वर २६६, खाली २६८. चावी खाली धरून उभं : २३८. जुन्या मशीनसाठी मी यावर समाधानी आहे. रेग्युलेटरने वेग जुळवला : आडवं ९ सेकंद पुढे, उभं ६ मागे.

बीट एरर तशीच ठेवली. या मशीनमध्ये हेअरस्प्रिंगचा (बॅलन्सला झुलवणाऱ्या केसासारख्या स्प्रिंगचा) खुंटा सरकवता येत नाही. दुरुस्त करायची तर स्प्रिंगची कॉलर आसावर फिरवावी लागते. २.२ साठी शाबूत हेअरस्प्रिंग पणाला लावणं मला पटत नाही.

२ फेब्रुवारी

तबकडी. आता फक्त हाच प्रश्न उरलाय, आणि मावशी स्वतः आली होती.

"हे बघ, किती पिवळी पडलीय. कुणाकडून रंगवून घेता येत नाही का?"

मी म्हटलं, येते. जुनी लाख आणि छपाई पूर्ण खरवडतात, नवा रंग देतात, नवीन अक्षरं छापतात. "पण मग मावशी, आप्पा ज्या तबकडीकडे बघायचे ती राहत नाही. त्याच पत्र्यावर दुसरीच तबकडी असते."

ती गप्प झाली. मग म्हणाली, "निदान पुसशील तरी?"

तबकडीची सगळ्यात बाहेरची कड केसच्या खाली दडते. तिथे, कुणाला कधी दिसणार नाही अशा जागी, रोडिकोचा, म्हणजे मळ उचलणाऱ्या चिकट पुटीचा, कण हलकेच टेकवला. कण स्वच्छ निघाला. म्हणजे वर सुटा मळ जवळजवळ नाही. फुंकणी आणि मऊ ब्रश, यापलीकडे मला काही करायचं नव्हतं. मावशीचा चेहरा पडला.

तेव्हा मी तबकडी उचलून पांढऱ्या कागदावर ठेवली, दिव्याखाली. ती पिवळी नव्हती. सायीसारखी फिकट, चंदेरी झाक असलेली. मध्ये आणि कडेला सारखीच.

पाच तारखेपासून जे खटकत होतं त्याचं उत्तर काचेत होतं. काच उचलून कागदावर धरली : मधासारखी पिवळी, मध्यभागी जाड म्हणून तिथे गडद, कडेला पातळ म्हणून फिकट. मी पूर्ण महिनाभर काचेतून बघून तबकडीबद्दल लिहीत होते. वास घेतला तर कापरासारखा उग्र. ही अ‍ॅक्रिलिक नाही, त्याआधीची सेल्युलोजची काच. ती वयाबरोबर पिवळी पडते, आणि तिच्यातून निघणाऱ्या आम्लवायूने खालचे काटे गंजतात. मिनिटकाट्याच्या टोकावर निळ्यात जे दोन तांबूस ठिपके आहेत ते बहुधा त्यामुळेच. ते मी घासणार नाही. निळा रंग म्हणजे पोलाद तीनशे अंशांच्या आसपास तापवल्यावर येणारा पातळ थर, घासला की गेला.

त्याच घेराची नवी अ‍ॅक्रिलिक काच होती माझ्याकडे. तबकडी ब्रशने झटकली, काटे बसवले, मशीन केसमध्ये ठेवलं, काच दाबली.

मावशीने हातात घेतलं आणि खिडकीपाशी गेली. बराच वेळ पाठमोरी उभी होती. "अगं, हेच," एवढंच म्हणाली.

जुनी काच कागदाच्या पाकिटात घालून वेगळी ठेवलीय, घड्याळाच्या डब्यात नाही. तिथे ती वायू सोडतच राहील.

८ फेब्रुवारी

क्र. ३ सर्व्हिस करून झालं. सेइकोची दोन दात्यांची पंजासारखी लिव्हर, १९५९ पासूनची, वजनचाक कुठेही फिरलं तरी चावी देते. तिच्यावर तेल घालायचं नाही, बाकी नेहमीप्रमाणे. अँप्लिट्यूड २४९. वार-तारीख रात्री बाराला बरोबर बदलते. मावशीच्या मुलाला हवंय, तबकडीची हकीगत त्याला सांगितली. तो म्हणाला, चालेल.

१५ फेब्रुवारी

आप्पांचं सात दिवस टेबलावर चालवून पाहिलं, रोज एकाच वेळी मोजून. सगळ्यात जास्त फरक दिवसाला ११ सेकंद. चोवीस तासांनी, पुन्हा चावी देण्याआधी, अँप्लिट्यूड २३१.

झाकणाच्या आत माझी खूण कोरायची का, हा विचार दोन दिवस डोक्यात होता. आता तसं करत नाहीत आणि मलाही झाकणावर सुई चालवायची नव्हती. कागदाच्या चिठ्ठीवर तारीख, नवी स्प्रिंग, नवी काच आणि ड्रमच्या भोकाची झीज एवढं लिहून ती डब्यात ठेवली.

मावशीला सांगितलं : पाण्याजवळ न्यायचं नाही, काढलं की रेडिओ किंवा फोनच्या स्पीकरवर ठेवायचं नाही, आणि पुढच्या फेब्रुवारीत भोक बघायला माझ्याकडे आणायचं.

"चावी किती द्यायची? जास्त दिली तर तुटते ना?"

"नाही तुटत. आपोआप अडते, तिथे थांबायचं. जोर नाही करायचा."

तिने माझ्यासमोर दिली, मोजत. तेविसाव्या वळशाला अडली. मग घड्याळ कानाशी धरून ती तशीच बसून राहिली.

"झोपताना देऊ की सकाळी?" तिने विचारलं.

कुठलीही एक वेळ, पण रोज तीच, असं मी म्हणणार होते. "झोपताना दे," म्हटलं.